बँजोच्या मागे बसून

४ मार्च

सूनबाई,

हा मायना अजून चालतो का, माहीत नाही. माझ्या मुलाशी तुझा संबंध संपला तेव्हा माझ्याशीही संपला, असं कायदा म्हणत असेल. दुसरा मायना सुचला नाही, म्हणून हाच.

पत्ता सलूनवाल्याने दिला. तो त्याच्याकडे असेल असं मला वाटलं नव्हतं. माझ्या मानेवर वस्तरा ठेवून म्हणाला, "तिला न विचारता देतोय. ती रागावली तर तुमचं तुम्ही बघा." मानेवर वस्तरा असताना माणूस काय बघणार? तो डबल बास वाजवतो तसाच बोलतो. एक सूर, मग बरीच मोकळी जागा, मग दुसरा.

कामाचं लिहितो. तुझ्यासाठी बँजो घ्यायचा आहे.

तू गेलीस तेव्हा तुझा इथेच राहिला. "तो या घरातला आहे," असं तू दारात म्हणालीस. खोटं नव्हतं. तुमच्या लग्नानंतर तो मीच आणला होता. मला वाटत होतं, मी तो सुनेला दिला. तुला वाटत होतं, तो घराचा आहे आणि तू फक्त वाजवतेस. इतकी वर्षं आपण एकमेकांना विचारलं नाही. तो पेटीत घालून कपाटावर ठेवलेला आहे. आता जो घ्यायचा तो तुझा, तुझ्या पत्त्यावर राहणारा.

कसा घ्यावा ते तू सांगायचंस. मला माहीत आहे ते एवढंच, की ब्लूग्राससारख्या जलद अमेरिकी लोकसंगीताला मागे लाकडाची वाटी असलेला बँजो लागतो. वाटी आवाज पुढे फेकते, म्हणून तो गिटारच्या आणि बासच्या वरून निघून जातो. चामड्याखाली काशाचं जड कडं हवं. लाकूड मेपल घ्यावं की महोगनी, यावर जाणती माणसं हमरीतुमरीवर येतात. काही कारखाने आता मुद्दाम जुन्या घाटाचे बँजो करतात, जुन्या मापावर, जुन्या रंगाचे. त्यातला एक घ्यावा असं माझ्या मनात आहे.

मला वाजवता काहीच येत नाही, हे तुला सांगायला नको. माझा जन्म स्टुडिओच्या काचेमागे आवाज टिपण्यात गेला. कान तेवढे आहेत. टायरच्या दुकानावरच्या त्या हॉलमध्ये दर शनिवारी मुलगा गिटार घेऊन गायचा, सलूनवाला बासला टेकून उभा असायचा, तू बँजो वाजवायचीस आणि मी खुर्ची ओढून समोर बसायचो. मी हात वर केला की बँजो अजून बाहेर, म्हणजे अजून मोठ्याने, यायला हवा, हे तुला न सांगता कळायचं.

मुलाला या पत्राबद्दल बोललो नाही. तो एवढंच विचारतो, "बाबा, परत सलूनमध्ये? डोक्यावर आहे काय आणि कापणार काय?"

उत्तर लिही. चार ओळी पुरेत.

पत्राच्या शेवटी काय लिहू? मायन्याचीच अडचण इथेही आहे. मोकळं सोडतो.


२६ मार्च

सूनबाई,

टपाल हल्ली उशिरा पोचतं म्हणतात. तुझं उत्तर वाटेत असेल असं धरून पुढे गेलो.

काल सलूनवाल्याला घेऊन वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकान तळघरात आहे. हवेतला ओलावा ओढणारं एक यंत्र कोपऱ्यात घरघरत असतं आणि भिंतीवर गिटारी, मँडोलिनं गळ्याशी टांगलेली असतात. दुकान एक बाई चालवते. केसांत पेन्सिल खोचलेली. विकतेही तीच, दुरुस्त करतेही तीच, आणि वाजवते फार चांगलं. तुझ्याइतकं नाही म्हणणार होतो, पण तुझं ऐकून बरेच दिवस झाले.

"कुणासाठी?" तिने विचारलं.

"सुनेसाठी."

सलूनवाला खोकला.

"मग तिलाच आणा की. हात बघितल्याशिवाय बँजो कसा देऊ? चप्पल तरी पाय बघून घेता ना?"

"ती लांब असते. आपण आवाजाचं बघू."

"आवाजाचं काय, आवाज मी काढून देते," ती म्हणाली, आणि तीन बँजो उतरवले.

मी तिला म्हटलं, कोणता वाजवताय ते मला कळू देऊ नका. मी भिंतीकडे तोंड करून बसलो. ही माझी स्टुडिओतली सवय. डोळ्यांना एकदा लाकडाचा रंग दिसला की कान त्याच्याच बाजूने बोलायला लागतात.

"रुसले काय हो?" बाईने सलूनवाल्याला विचारलं.

"नाही. ऐकतायत," तो म्हणाला. "घरीदारी असेच."

पहिला मेपलचा असावा. प्रत्येक सूर सुटा, टणक, पण एकटा. दुसरा महोगनीचा. कडा मऊ, खालची तार भरदार, आणि जलद वाजवताना सूर एकमेकांच्या अंगावर यायचे. तिसरा सुरू झाला आणि मी वळून बघणार होतो. तो अक्रोडाचा निघाला. जुन्या घाटाचा, गडद तपकिरी, दांडीवर शिंपल्याची बारीक नक्षी. उचलून पाहिला तर खांदा खाली आला, इतका जड. चांगला बँजो जडच असतो.

फक्त त्याला नवेपणाची कचकच होती. मी तसं म्हणताच बाईने मान डोलावली.

"कडं नवं आहे. पिकायला वेळ लागतो. तुमच्याकडे एखादा जुना पडलाय का?"

"कपाटावर आहे."

"त्याचं कडं चांगलं असलं तर यात बसवून देते. उरलेला जुना मी ठेवून घेईन."

जिना चढताना सलूनवाला म्हणाला, "तिला विचारा आधी."

"विचारलंय. उत्तर यायला हवं ना."

"मग थांबा."

तो नेहमी असंच सांगतो. त्याच्या वाद्यात थांबणं हाच अर्धा कार्यक्रम असतो.


१४ एप्रिल

सूनबाई,

तुझं काही आलं नाही. पत्ता बरोबर आहे, मी सलूनवाल्याला पुन्हा विचारलं. दोनदा सांगायला लावल्यावर त्याने मला खुर्चीत बसायला सांगितलं आणि दाढी न करताच उठवलं.

जुना बँजो खाली काढला. स्टुलावर चढलो होतो. मुलगा अचानक आत आला.

"तो कशाला काढलात?"

"कडं बघायचंय."

"कुणासाठी?"

मी पेटीवरची धूळ पुसत राहिलो.

"बाबा, ती वाजवणार नाहीये आता. आणि आपल्यासाठी तर नाहीच."

"आपल्यासाठी नकोच आहे."

तो दारात उभा राहिला. मग म्हणाला, "तिला लिहिता तुम्ही." प्रश्न नव्हता. जाताना तो म्हणाला, "मीही लिहिलं होतं एक. टाकलं नाही." हे तुला कळावं अशी त्याची इच्छा असेल असं नाही. पण मी लिहून बसलो.

पेटी उघडली तेव्हा तारा गंजलेल्या होत्या. वाजवताना बोटांत घालायच्या तुझ्या नख्या कप्प्यात होत्या, बोटांच्या दोन आणि अंगठ्याची एक. चामड्यावर करंगळी टेकून टेकून पडलेला डाग तसाच आहे. दांडीची मात्र दशा झाली आहे. मागच्या बाजूचा रंग उडालेला, वरच्या टोकाजवळ कुणीतरी कानशीने घासून तिची कड बसवलेली, कामही अडाणी. हे कधी झालं? दुरुस्तीला दिला होता तेव्हा त्या माणसाने केलं असेल. कडं मात्र शाबूत. बोटाने टिचकी मारली आणि ते किती तरी वेळ वाजत राहिलं. म्हटलं, वाचवायचं ते हे.

त्या शेवटच्या दिवशीचं एक मनात राहिलं आहे. तुम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी उभे होतात, ताटं तशीच होती. काय चाललं होतं त्यात मी पडलो नाही. मी एवढंच म्हणालो, "हळू बोल, शेजारी आहेत." तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "मी जोरात बोलत नाहीये, बाबा."

मला तर ते जोरात वाटलं होतं. आवाजाच्या बाबतीत माझी चूक सहसा होत नाही.

दुसऱ्या दिवशी जुना बँजो तळघरात नेऊन दिला. बाईने दांडी उलटसुलट केली, काही विचारायला तोंड उघडलं. मी म्हटलं, "आवाज तेवढा जपा. बाकीचं तुमचं तुम्ही बघा." सलूनवाला बरोबर नव्हता. त्याला गिऱ्हाईक होतं.


७ मे

सूनबाई,

झाला. काल ऐकून आलो.

कसं सांगू? जुन्या कड्याने नव्या लाकडाची भाषा उचलली आहे. वरच्या तारेचा सूर कातरीसारखा निघतो आणि तरी कानाला कापत नाही. खालचा सूर खोलीभर उभा राहतो. बाईने एक जलद चाल धरली, तुम्ही कार्यक्रम संपवताना धरायचात तशी, आणि ते ओलावा ओढणारं यंत्र चालू आहे हे मी विसरलो. मी भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. उजवा हात आपोआप वर गेला. मग खाली घेतला. हवा तेवढा बँजो होता.

बाई म्हणाली, "आता खूश? हा घेऊन सूनबाई बाजारात उभ्या राहिल्या तर पलीकडच्या गल्लीतून लोक येतील."

सलूनवाल्यालाही आवडला. त्याने मान हलवली, म्हणजे आवडला. बाहेर आल्यावर मात्र म्हणाला, "जुना कुठेय?"

"त्याचाच आवाज आहे की यात."

"हं," तो म्हणाला, आणि चौकापर्यंत पुढचा सूर आला नाही.

नवी पेटी घेतली आहे, आतून मखमलीची. तुझ्या जुन्या नख्या तिच्यातच ठेवल्या आहेत. आणखी पंधरा दिवस वाट बघतो. तरी उत्तर आलं नाही तर पाठवूनच देईन. मग तो दारात आल्यावर तुला काहीतरी लिहावंच लागेल. रागाचं लिहिलंस तरी चालेल.


१९ मे

सूनबाई,

तुझं पत्र मिळालं. तू लिहिलंस, "बाबा, तुमची पत्रं मिळाली. उघडायला वेळ लागला, पहिलंच अजून वाचतेय. तुमच्याकडून घेणार नाही असं नाही. पण नवा नको. माझा हात लहान, इथे दोन-तीन वाजवून बघितले, अंगठा पोचत नाही. जुन्याची दांडी मी स्वतः कानशीने घासून हाताजोगी केली होती. तुम्हाला सांगितलं नाही, तुम्ही ओरडला असतात. कपाटावर पडून असेल तर तोच पाठवा. घराचा असला तरी चालेल. वाजतो कसा याचं मला फार नाही. संध्याकाळी एकटीच वाजवीन म्हणते."

तुझंच तुला परत लिहिलं. नीट वाचलं आहे, हे तुला कळावं म्हणून.

जुना जागेवर आहे. बाकीची पत्रं वाचायची तसदी घेऊ नकोस, त्यात विशेष काही नाही. तारा बदलायच्या आहेत, थोडी डागडुजी करायची आहे. ती झाली की पाठवतो.

बाबा


८ जून

सूनबाई,

मागच्या पत्रात खोटं लिहिलं. एव्हाना तू बाकीची पत्रं वाचली असशील, तर तुला ते माहीतच आहे. त्या खोट्याखाली सही म्हणून 'बाबा' लिहिलं. तू तसं म्हणालीस, म्हणून हात धजला.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी, ते खोटं टपालात टाकून, तळघरात गेलो होतो. मनात होतं, दांडी भिंतीवर टांगलेली असेल. ती घेऊ, जुन्या कड्यासकट सगळं पुन्हा जोडून घेऊ, तुला काही कळणार नाही.

"ती दांडी?" बाई म्हणाली. "ती चिरली."

"चिरली म्हणजे?"

"करवतीने. वाळलेलं जुनं लाकूड, आता जरासुद्धा हलत नाही. पाचरींना असलं लाकूड शोधून मिळत नाही. अख्खी ठेवून काय करणार होते? मागून कानशीने खाल्लेली. तशी कोण घेतं?"

"तिने घासली होती. हाताला बसावी म्हणून."

"कुणी? सुनेने?"

मी मान हलवली. बाईने केसांतली पेन्सिल काढली, पुन्हा खोचली.

"तुम्ही म्हणालात, आवाज तेवढा जपा."

"म्हणालो."

"मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, हात बघू द्या."

"म्हटलं होतं."

तिने एक खण ओढून टेबलावर पालथा केला. पाचरी होत्या, नखाएवढ्या, काडीएवढ्या, लालसर, पिवळ्या, काळ्या. त्यातल्या तुझ्या कोणत्या ते तिलाही सांगता येईना. काही लोकांच्या बँजोत गेल्या म्हणाली. मग आठवून म्हणाली, एक तुमच्याही बँजोत आहे.

तिने स्क्रू काढून मागची वाटी सोडवली. आत नवी दांडी कड्याखालच्या लाकडी घेराला जिथे येऊन टेकते तिथे मधे एक लालसर चपटी फट दिसली. फट नव्हे, लाकूडच होतं. एका बाजूला कानशीचे चरे होते.

"ही तिचीच," बाई म्हणाली. "काढून देऊ?"

"काढली तर काय होईल?"

"तारांची उंची बिघडेल. दुसरी घालावी लागेल. पण देते, हवी असेल तर."

काढून काय केलं असतं? पाकिटात घालून तुला पाठवली असती? मी म्हटलं, राहू दे. तिने वाटी पुन्हा बसवली. स्क्रू आवळताना ती माझ्याकडे बघत नव्हती. बाईचा यात दोष नाही. दुकान चांगलं आहे. तुझ्या हाताचं माप पाठवलंस तर ती नवी दांडी तशी घासून देईन म्हणते. मी तिला म्हणालो, सांगून बघतो. सांगितलं. तू नाही म्हणशील हे गृहीत धरलं आहे.

सलूनवाल्याला सगळं कळलं आहे. त्या दिवशी त्याने माझे केस कापले, आरसा मागे धरून मान दाखवली, झटकलं. तोंडातून अक्षर काढलं नाही. त्याच्या जागी मी असतो तर बोललो असतो.

आता हा बँजो इथे आहे. कपाटावर ठेवला नाही, बैठकीत खुर्चीवर आहे. तुझ्याकडे पाठवायचा की नाही, ते तू ठरव. काही लिहिलं नाहीस तरी मला कळेल.

शेवटचं एक लिहितो.

काल संध्याकाळी तो मांडीवर घेतला. आयुष्यभर बँजो ऐकले, अनेकांचे टिपले, पण एकाही बँजोच्या मागे कधी बसलो नव्हतो. तुझ्या नख्या माझ्या बोटांत जेमतेम नखापर्यंत गेल्या. चाल काही येत नाही. नुसत्या तारा छेडल्या, आळीपाळीने.

मला वाटलं, काहीतरी बिघडलं आहे. तळघरातला तो आवाज कुठे नव्हता. पत्र्यावर वाटाणे सांडावेत तसा कोरडा खडखडाट, आणि नख्यांचं खरवडणं. मी वाकून कान चामड्याजवळ नेला. तारा पुन्हा ओढल्या, मग आणखी ओढल्या. आवाज माझ्या हातातून निघून समोरच्या भिंतीकडे जात होता, आणि त्यातलं माझ्यापर्यंत काही येत नव्हतं. इतक्या शनिवारी मी समोर बसून हात वर करत होतो, आणि तू दर वेळी जास्त जोर लावत होतीस. तुला काय ऐकू येत होतं, हे मी कधी विचारलं नाही. तू कधी सांगितलं असशील का, ते आठवायचा प्रयत्न केला. आठवत नाही. म्हणजे सांगितलं नसशील असं नाही.

अजून ऐकू यावं म्हणून मी तारा ओढत होतो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून मुलगा म्हणाला, "बाबा, हळू. शेजारी आहेत."

मी म्हणालो, "मी जोरात वाजवत नाहीये."

तो हातातलं फडकं घेऊन दारात येऊन उभा राहिला. हे वाक्य या घरात कुणाचं आहे, ते त्यालाही आठवलं असावं.

मी नख्या काढून ठेवल्या.